संध्याकाळची ती ठळक चांदणी कुठे गेली? (कोणता ग्रह कधी, कुठे दिसतो यावर चर्चा)

गच्चीवरून
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात होता म्हणून शेवटी धागाच काढतोय. काही महिन्यांपूर्वी रोज संध्याकाळी पश्चिमेला एक एवढी ठळक चांदणी दिसायची की लहान मुलगीसुद्धा बोट दाखवायची, मग ती हळूहळू खाली खाली आली आणि एक दिवस दिसेनाशीच झाली. परवा पहाटे साडेपाचला जाग आली तर पूर्वेला तशीच एक चांदणी!! ती हीच का दुसरी? आणि ग्रह कधी कुठे दिसणार हे ओळखायची काही सोपी पद्धत आहे का, की दर वेळी मोबाईलच आकाशाकडे धरायचा? अ‍ॅप नाव सांगतं पण दुसऱ्या दिवशी परत सगळं विसरायला होतं, कारण तो ग्रह तिथे *का* आहे हे कळलेलंच नसतं.

निशाचर
तीच ती. शुक्र. संध्याकाळची आणि पहाटेची चांदणी एकच आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा सगळेच असे चकित होतात. सविस्तर क्षितिज सांगतीलच, मी खुर्ची ओढून बसलोय.

क्षितिज_१०
गच्चीवरून, तुमचा शेवटचा मुद्दा फार आवडला. नाव कळणं वेगळं आणि का ते कळणं वेगळं. तर आधी एकच गोष्ट पक्की करू, बाकी सगळं तिच्यातून निघतं: ग्रह कधी दिसेल हे तो आकाशात *सूर्यापासून किती लांब* आहे यावर ठरतं. सूर्याच्या जवळ असेल तर उजेडात बुडालेला, कितीही तेजस्वी असला तरी उपयोग नाही. सूर्याच्या पूर्वेला असेल तर सूर्यामागून मावळणार म्हणजे संध्याकाळी दिसणार. पश्चिमेला असेल तर सूर्याआधी उगवणार म्हणजे पहाटे दिसणार. आणि सूर्याच्या बरोब्बर समोर असेल तर रात्रभर.

आता शुक्र आणि बुध यांच्या कक्षा आपल्या आत आहेत, त्यामुळे आपल्याला ते सूर्याला दोरीने बांधल्यासारखे दिसतात. शुक्राची दोरी साधारण ४७ अंश, बुधाची १८ ते २८ अंश, त्याच्या पुढे ते जाऊच शकत नाहीत. म्हणून मध्यरात्री डोक्यावर शुक्र दिसला असं कुणी सांगितलं तर तो शुक्र नाही, नक्की नाही, बहुतेक गुरू असतो.

तुमच्या चांदणीचं काय झालं ते आता बघा. शुक्र संध्याकाळच्या आकाशात रोज थोडा थोडा सूर्यापासून लांब जातो, दोरी पूर्ण ताणली जाते (याला परम इनांतर म्हणतात), मग परत सूर्याकडे घसरायला लागतो आणि हे घसरणं खूप वेगात होतं कारण तेव्हा तो आपल्याजवळून, आपल्या आणि सूर्याच्या मधून जात असतो. ती अंतर्युती. आठवडाभर गायब, आणि मग पहाटे पूर्वेला हजर. तिथून आठ-नऊ महिने पहाटेचा तारा, मग सूर्याच्या पलीकडून जातो ती बहिर्युती, तेव्हा मात्र दीड-पावणेदोन महिने दिसत नाही, आणि परत संध्याकाळी. हा सगळा फेरा ५८४ दिवसांचा.

ताजं उदाहरण, २३ मार्च २०२५ ला अंतर्युती झाली, ६ जानेवारी २०२६ ला बहिर्युती, १५ ऑगस्ट २०२६ ला संध्याकाळचं परम इनांतर, आणि २४ ऑक्टोबर २०२६ ला पुन्हा अंतर्युती. तारखांमधलं अंतर बघा, मधून जाताना किती घाई आणि पलीकडून जाताना किती संथ.

वाचनमात्र
वाखूसा (वाचनखूण साठवली).

प्रश्नचिन्ह
शुक्राबद्दल कुठेतरी ८ वर्षांचं काहीतरी ऐकलं होतं ते काय?

क्षितिज_१०
हो, ते फार सुंदर आहे. ५८४ चे पाच फेरे म्हणजे २९२० दिवस, आणि ८ वर्षंही जवळजवळ तेवढीच, एक-दोन दिवसांचा फरक. म्हणजे शुक्र आज जिथे जसा दिसतोय तिथेच तसाच ८ वर्षांपूर्वी दिसत होता. २०१८ ची अंतर्युती २६ ऑक्टोबरला होती, २०२६ ची २४ ऑक्टोबरला. जुनी डायरी असेल आणि त्यात शुक्राची नोंद असेल तर ती डायरीच भाकीत म्हणून वापरता येते.

रोहिणी_शोधक
क्षितिज, तुम्ही अंश अंश म्हणताय पण नवीन माणसाला अंश कसा मोजायचा तेच माहीत नसतं हो. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, ती झाली १० अंश. करंगळीचं टोक १ अंश. पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश. लहान मुलाचा हात लहान पण लांबीही कमी, त्यामुळे हिशोब तोच येतो. आणि आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे दीड मूठ. एखादा ग्रह क्षितिजाच्या तीन मुठी वर असेल तर मावळायला ढोबळ दोन तास आहेत असं धरायचं (तो किती तिरका उतरतोय त्यावर थोडं कमीजास्त).

दुसरं म्हणजे ग्रह कुठेही दिसत नाहीत, त्यांचा रस्ता ठरलेला आहे. आयनिकवृत्त. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने जातो तीच वाट, चंद्रही तिच्या आसपास पाच अंशांत, ग्रहही तिथेच. कारण सगळ्यांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत आणि आपण त्या पातळीच्या आत बसून कडेने बघतोय. ही वाट शिकायला चार मैलाचे दगड पुरेसे: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. चारही ठळक आणि चारही या वाटेच्या अगदी जवळ. हे चार ओळखीचे झाले की यांच्या रस्त्यावर एखादा जास्तीचा ठळक तारा दिसला की समजायचं, पाहुणा आहे. मी असंच शिकले, तेव्हा मोबाईलवर अ‍ॅप वगैरे नव्हतं.

गच्चीवरून
हे पाहुण्याचं एकदम पटलं. पण तारे कुठले आणि पाहुणा कुठला हे लुकलुकण्यावरून पण कळतं ना? तारे लुकलुकतात ग्रह नाही असं शाळेत होतं.

निशाचर
कळतं, पण क्षितिजाजवळ फसगत होते. तारा इतका लांब की तो बिंदूच, त्याचा किरण हवेच्या थरांत जरासा हलला की लुकलुक. ग्रहाला छोटी का होईना चकती असते, चकतीच्या वेगवेगळ्या भागांकडून येणाऱ्या प्रकाशाचं हलणं एकमेकांत मिसळून जातं म्हणून स्थिर दिसतो. पण क्षितिजालगत हवेचा थर एवढा जाड की तिथे शुक्रसुद्धा लाल-हिरवा चमकतो आणि लोक व्हिडिओ काढून विचारतात हे काय उडतंय. अर्धा तास थांबून बघायचं, ग्रह असेल तर ताऱ्यांबरोबर सरकलेला असेल, विमान किंवा उपग्रह असेल तर केव्हाच गेलेला असेल.

प्रश्नचिन्ह
बरं शुक्र बुध झाले, मंगळ गुरू शनी? ते तर रात्रीही दिसतात.

क्षितिज_१०
ते आपल्या बाहेर आहेत म्हणून त्यांना दोरी नाही. त्यांच्यासाठी एकच दिवस लक्षात ठेवायचा, प्रतियुतीचा. त्या दिवशी पृथ्वी सूर्य आणि त्या ग्रहाच्या मधे असते, म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे पूर्वेला ग्रह उगवणार, मध्यरात्री सगळ्यात उंच, सूर्योदयाला मावळणार. पौर्णिमेचा चंद्र जसा वागतो अगदी तसा. आणि तेव्हाच तो आपल्याला सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्यात तेजस्वी.

पण एक सांगतो, अनुभवाचं. लोक प्रतियुतीच्या दिवसाची बातमी वाचून त्या एकाच रात्री बाहेर पडतात, ढग असले की हिरमुसतात. गरजच नाही! तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास, आणि गुरू-शनी जवळजवळ ताऱ्यांसारखेच वागतात. त्यामुळे प्रतियुतीनंतरचे तीन-चार महिने हाच खरा हंगाम, रोज संध्याकाळी ग्रह जरा जास्त वर आलेला, जागरण नाही काही नाही. तीन महिन्यांनी तर अंधार पडताना तो सगळ्यात उंच जागी असतो. मग पश्चिमेला उतरत जातो, सूर्याच्या उजेडात महिना-दीड महिना लपतो आणि पहाटे पूर्वेला निघतो.

गुरूची प्रतियुती दर १३ महिन्यांनी, शनीची साडेबारा महिन्यांनी. म्हणजे गुरूची तारीख दर वर्षी महिनाभर पुढे आणि शनीची दोन आठवडे पुढे. गुरू: ७ डिसेंबर २०२४, १० जानेवारी २०२६, मग फेब्रुवारी २०२७. शनी: ८ सप्टेंबर २०२४, २१ सप्टेंबर २०२५, ४ ऑक्टोबर २०२६. एकदा एक तारीख पाठ झाली की पुढच्या दहा वर्षांचं वेळापत्रक तुमचं तुम्हीच मांडू शकता, मी वहीच्या शेवटच्या पानावर असंच मांडून ठेवलंय.

जागेचंही तसंच. गुरूला पूर्ण फेरीला जवळपास १२ वर्षं, म्हणजे वर्षाला एक रास. जानेवारी २०२६ ला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी होता, २०२७ च्या प्रतियुतीला सिंहेच्या ताऱ्यांत. शनीला साडेएकोणतीस वर्षं, वर्षाला जेमतेम १२ अंश, म्हणजे मूठभर आणि वर थोडं. २०२६ मध्ये तो मीनेच्या बाजूला, भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या दक्षिणेला सापडेल, आणि पुढच्या वर्षी तिथून एक मूठ पूर्वेला बघा, सापडलाच.

रोहिणी_शोधक
+१. आणि उत्तर गोलार्धातल्यांसाठी एक: डिसेंबर-जानेवारीत प्रतियुती झाली तर ग्रह आकाशात खूप उंच चढतो, जून-जुलैत झाली तर दक्षिणेला बुटका राहतो. सूर्याच्या समोर म्हटल्यावर सूर्य हिवाळ्यात खाली तर हा वर. पौर्णिमेचे चंद्र आठवा. उंच म्हणजे मधे हवा कमी, टेलिस्कोपमधून चित्र शांत.

वाचनमात्र
मंगळ राहिला. आणि तो दर वर्षी येणारा मेसेज, "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, पुन्हा हजारो वर्षं नाही". आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर अजून येतो. काय उत्तर द्यायचं?

क्षितिज_१०
तो मेसेज २००३ चा आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच जवळजवळ ६०,००० वर्षांतला सगळ्यात जवळ आला होता, सुमारे ५.६ कोटी किलोमीटर. मूळ मजकुरात असं होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या टेलिस्कोपमधून मंगळ साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा वाटेल. पुढे पाठवता पाठवता टेलिस्कोप गळाला, वर्ष गळालं, उरला चंद्र. हेच उत्तर द्या. एरवी ऑगस्टमध्ये बाहेर पडून काहीच न दिसल्यामुळे मुलं नाराज होतात त्याचं मला वाईट वाटतं, कारण खरा मंगळ बघण्यासारखाच असतो.

मंगळाची गोष्ट वेगळी आहे कारण तो आपला शेजारी आणि वेगही आपल्या जवळपास. प्रतियुती तब्बल २६ महिन्यांनी: १६ जानेवारी २०२५, मग १९ फेब्रुवारी २०२७, मग मार्च २०२९. मधल्या काळात तो खूप लांब जातो, ४० कोटी किलोमीटरपर्यंत, आणि मग इतका साधा लालसर तारा होतो की ओळखूच येत नाही. गुरूपेक्षाही तेजस्वी होणारा तोच आणि सामान्य ताऱ्यासारखा होणाराही तोच, एवढा बदल डोळ्यांना दिसणाऱ्या बाहेरच्या ग्रहांत दुसऱ्या कुणाचा नाही. आणि पश्चिमेला रेंगाळतो पण खूप, कारण सूर्य रोज एक अंश पुढे येतो आणि मंगळही अर्धा-पाऊण अंश पुढे पळत असतो, सूर्याला त्याला गाठायला महिने लागतात. गुरूला मात्र लगेच गाठतो.

सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे, म्हणून दर १५ ते १७ वर्षांनी जवळची प्रतियुती येते: २००३, २०१८, आणि पुढची २०३५. २०२७ ची लांबची आहे, सुमारे १० कोटी किलोमीटर. तरी मी तिची वाट बघतोय, कारण गुरूची प्रतियुती त्याच महिन्यात, १० तारखेच्या सुमारास, आणि दोघंही सिंहेत, मंगळ तर मघाच्या जवळ. एकाच तुकड्यात पिवळसर पांढरा गुरू, तांबूस मंगळ, निळसर मघा. मोबाईलचा फोटो जे रंग दाखवत नाही ते डोळ्याला दिसतील.

प्रश्नचिन्ह
वक्री होतो म्हणजे खरंच उलटा फिरतो का? हे मला कधीच नीट कुणी सांगितलं नाही.

रोहिणी_शोधक
नाही, उलटं कुणी फिरत नाही. गोल मैदानात आतल्या रांगेतून तुम्ही पळताय, बाहेरच्या रांगेत मित्र हळू पळतोय. तुम्ही त्याला मागे टाकताना लांबच्या झाडांकडे बघून त्याची जागा ठरवलीत तर तो थोडा वेळ मागे सरकल्यासारखा दिसेल. बाहेरच्या ग्रहांचं हे प्रतियुतीच्या आसपासच होतं, कारण तेव्हाच आपण त्यांना ओलांडतो. मंगळ सव्वादोन-अडीच महिने, गुरू चार, शनी साडेचार महिने वक्री असतो. म्हणजे गंमत अशी की ग्रह वक्री असतो तेव्हाच तो सगळ्यात ठळक आणि रात्रभर दिसणारा असतो. जवळचे दोन तारे धरून दर आठवड्याला वहीत मंगळाचा ठिपका काढा, दोन-तीन महिन्यांत वहीवर गाठ तयार होते. आपल्या हाताने काढलेली ती गाठ बघितली की पृथ्वी फिरते हे पोटातून पटतं.

गच्चीवरून
बुधाबद्दल कोणीच काही बोलत नाहीये?

निशाचर
बुधाबद्दल मी बोलणार! बुध मी सलग पाच संध्याकाळी शोधला तेव्हा दिसला. पहिले दोन दिवस मी चुकीच्या वेळी बघत होतो, सूर्य मावळल्या मावळल्या, तेव्हा आकाश फार उजळ. तिसऱ्या दिवशी उशीर केला, तो खाली उतरून धुरकटात गेलेला. चौथ्या दिवशी ढगांची एक पट्टी, बरोब्बर तिथेच. पाचव्या दिवशी सूर्यास्तानंतर ३५-४० मिनिटांनी, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे, क्षितिजाच्या एक मूठ वर, फिक्या नारिंगी उजेडात एक टाचणीच्या टोकाएवढा गुलाबीसर ठिपका. एकदा दिसला की परत परत दिसतो, पण नजर काढली की परत हरवतो. वीस मिनिटं बघत उभा होतो, मग तो टाकीमागे गेला.

तर नियम: परम इनांतराच्या तारखेच्या आधीचा आठवडा संध्याकाळी चांगला, कारण तेव्हा तो जास्त तेजस्वी असतो. पहाटेच्या वेळी उलट, तारखेनंतरचा आठवडा चांगला. पश्चिम क्षितिज मोकळं पाहिजे, सूर्यास्तानंतर ३० ते ४५ मिनिटं. वर्षात साधारण तीन वेळा संध्याकाळी, तीन वेळा पहाटे अशी संधी येते, पण विषुववृत्तापासून लांब राहणाऱ्यांना त्यातल्या एक-दोनच धड मिळतात, कारण तिथे आयनिकवृत्त कधी कधी क्षितिजाला आडवं झोपलेलं असतं आणि बुध सूर्यापासून लांब असूनही वर येतच नाही. उष्ण कटिबंधात ही वाट बरीच उभी असते म्हणून तिथल्यांना बुध सोपा.

आणि कळकळीने सांगतो, बायनॉक्युलरने शोधणार असाल तर सूर्य *पूर्ण मावळल्यावरच* डोळ्याला लावा. पहाटे शोधत असाल तर सूर्योदयाच्या बरंच आधी थांबा. एक क्षण सूर्य भिंगात आला तरी डोळा कायमचा जातो. मुलं बरोबर असतील तर बायनॉक्युलर तुमच्याच हातात ठेवा.

वाचनमात्र
मध्यंतरी सगळीकडे "सहा ग्रह एका रांगेत, दुर्मिळ दृश्य" चालू होतं ते काय होतं मग? मी गेलो होतो बघायला, रांग काही दिसली नाही.

क्षितिज_१०
२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतलं म्हणताय ना. रोहिणी_शोधक यांनी वर सांगितलंच आहे की ग्रह नेहमीच एका वाटेवर असतात, त्यामुळे "रांग" रोजचीच. तेव्हा विशेष एवढंच की शुक्र, शनी, गुरू, मंगळ चौघेही संध्याकाळीच वर होते, पण अर्ध्या आकाशाच्या कमानीवर पसरलेले. तुम्ही एका ठिकाणी माळ शोधत होतात म्हणून दिसली नाही, मान फिरवून शुक्रापासून मंगळापर्यंत बघितलं असतं तर दिसली असती. उरलेले दोन युरेनस आणि नेपच्यून. युरेनस खूप काळोख्या जागी, नेमकी जागा माहीत असेल तर कसाबसा डोळ्याला दिसतो. नेपच्यूनला बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोप पाहिजेच, तो तर गॅलिलिओच्या टेलिस्कोपमध्ये डिसेंबर १६१२ मध्ये आला होता आणि त्याने तारा म्हणून नोंदवून टाकला. ग्रह म्हणून सापडायला १८४६ उजाडलं.

खरं डोळ्यात भरणारं दृश्य म्हणजे दोन ठळक ग्रह अगदी जवळ येतात ते. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एक दशांश अंशावर होते, करंगळीच्या टोकाच्या दहाव्या भागात दोघं! आता त्यांची पुढची भेट २०४० मध्ये. शुक्र-गुरू मात्र जवळपास दर वर्षी भेटतात, ९ जून २०२६ ला साधारण दीड अंशावर. असल्या भेटी भर शहरातूनही दिसतात, ग्रहांना काळोखं आकाश लागत नाही, हे मुद्दाम सांगतो कारण "आमच्याकडे दिवे फार" म्हणून लोक सुरुवातच करत नाहीत.

रोहिणी_शोधक
आणि चंद्राला विसरू नका. तो महिन्याभरात सगळ्या ग्रहांजवळून एकदा जातो. कॅलेंडरमध्ये फक्त "चंद्र-शनी जवळ" एवढं कळलं तरी पुरे, त्या दिवशी चंद्राशेजारी बघा, लुकलुकत नसलेला पिवळट तारा म्हणजे शनी. पहिल्यांदा शनी ओळखायला याहून सोपं काही नाही, कारण तो दिसायला अगदीच साधा आहे. त्याची कडी बघायला छोटा टेलिस्कोप लागतो. आणि २०२५ मध्ये कडी आपल्याला कडेवरून, रेघेसारखी होती, आता वर्षागणिक उघडत जातील, २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली असतील. २०२५ मध्ये ज्यांनी बघून निराशा झाली म्हटलं त्यांनी परत बघा.

गच्चीवरून
मंडळी, महिन्याभराने लिहितोय. तुम्ही सांगितलेलं एकेक करून बघतोय. चित्रा आणि मघा ओळखता येतात आता. कपाटातलं जुनं १०×५० बायनॉक्युलर काढलं, हातात धरून थरथरत होतं म्हणून गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवलं आणि गुरू बघितला. एक छोटी पांढरी गोळी आणि बाजूला एका रेषेत बारीक ठिपके!! मी आधी भिंगावरची धूळ समजून पुसलं. पुसूनही तिथेच. मुलीने वहीत काढले, डावीकडे तीन, उजवीकडे एक. दुसऱ्या दिवशी दोन-दोन. काल बघितलं तर तीनच आहेत, उजवीकडचा सगळ्यात जवळचा नाहीच. ती विचारतेय चौथा कुठे गेला. काय सांगू?

क्षितिज_१०
तिला सांगा, ते ठिपके म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र, आणि चौथा गुरूच्या पुढे असेल, मागे असेल नाहीतर त्याच्या सावलीत शिरला असेल. आणि कधी कधी दोन एकमेकांना इतके चिकटतात की बायनॉक्युलरमधून एकच वाटतात, तेही बघायला सांगा. आयो सगळ्यात आतला, पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, म्हणून तोच असा सारखा जातो-येतो. गॅनिमीडला सात दिवस, कॅलिस्टोला जवळपास सतरा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच ठिपके असेच रात्रीमागून रात्र कागदावर काढले होते. आज अंधार पडल्यावर एकदा काढा आणि दोन-अडीच तासांनी परत काढा, त्याच पानावर, वेळ लिहून. जमलं तर ते पान इथे टाका.

गच्चीवरून
आज ८:१० ला तीन. १०:४० ला चार. मुलगी झोपायला तयार नाही. पानाचा फोटो उद्या टाकतो.